हिमनदी: वाहत्या बर्फाचा जमाखर्च

२४ जानेवारी १९६६. मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान युरोपातल्या माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानाचे अवशेष उंचावरच्या बर्फात विखुरले. त्यांच्यावर त्या हिवाळ्यातलं हिम पडलं, मग पुढच्या हिवाळ्यातलं, आणि बरंच काही दिसेनासं झालं. ४६ वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, त्याच डोंगरावरच्या बॉसाँ नावाच्या हिमनदीवर एक पिशवी सापडली. तिच्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं नाव होतं आणि आत जुनी वर्तमानपत्रं होती. २०२० साली आणखी काही वर्तमानपत्रं बर्फातून बाहेर आली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याची बातमी त्यांवर अजून वाचता येत होती.

ती पिशवी कुणी उचलून खाली आणली नव्हती. ती बर्फात गाडली गेली, बर्फासोबत आतल्या आत वर्षानुवर्षं चालत राहिली आणि खाली येऊन पुन्हा वर निघाली. आत गेलेली वस्तू वर कशी येते, हे कळलं की हिमनदी कळली असं मी मानतो. त्यामुळे ही पिशवी लक्षात राहू द्या, तिच्याकडे परत यायचं आहे.

हिमनदीची व्याख्या तशी साधी आहे. जमिनीवर पडलेल्या हिमापासून तयार झालेला, वर्षानुवर्षं टिकणारा आणि स्वतःच्याच वजनाने वाहणारा बर्फ म्हणजे हिमनदी. यातला 'वाहणारा' हा शब्द सोडून चालत नाही. डोंगराच्या खोबणीत बर्फ नुसता साठून राहिला तर ती हिमनदी नव्हे. मराठीने तिला 'नदी' म्हटलं हे मला फार योग्य वाटतं, कारण नदी म्हटली की आपण आपोआप विचारतो: ती कुठून निघते, कुठे जाते, यंदा तिला पाणी किती आहे? हिमनदीलाही नेमके हेच प्रश्न विचारायचे असतात.

बातम्यांमध्ये मात्र शब्दांची फार सरमिसळ होते. हिमनग म्हणजे समुद्रात पोचलेल्या हिमनदीच्या तोंडाचा तुटून तरंगत गेलेला तुकडा. हिमस्खलन म्हणजे उतारावरचं हिम एका झटक्यात खाली कोसळणं, म्हणजे काही मिनिटांचा खेळ. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात महापूर आला तेव्हा 'हिमनदी फुटली', 'हिमकडा कोसळला' अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात रोंती शिखराच्या कड्याचा प्रचंड भाग निसटला होता. त्यात बर्फ होता, पण त्याहून कितीतरी जास्त खडक होता. हिमनदी फुग्यासारखी फुटत नाही. तिच्या पुढ्यात वितळलेल्या पाण्याचं तळं साचलं असेल तर त्याचा बांध फुटू शकतो आणि तो पूर भयंकर असतो, पण फुटतं ते तळं.

आता मुळापासून सुरुवात करू. आभाळातून पडतं त्याला या लेखात हिम म्हणतो आणि हिमनदी ज्याची बनलेली असते त्याला बर्फ. दोन्ही शेवटी गोठलेलं पाणीच, पण त्यांच्यात फरक आहे तो हवेचा. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो भरतं, निखळ बर्फाचं सुमारे ९१७ किलो. ताज्या, भुसभुशीत हिमाचं मात्र ५० ते १०० किलोच भरतं. म्हणजे नुकत्याच पडलेल्या हिमाच्या ढिगाऱ्यात दहापैकी नऊ भाग हवा असते. हिमापासून बर्फ होण्याची सगळी गोष्ट ही हवा हळूहळू बाहेर कशी काढली जाते, याची आहे.

एक हिमकण जवळून पाहा. त्याला सहा फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याला बारीक बारीक पानं फुटलेली असतात. ही नक्षी फार दिवस टिकत नाही. टोकांवरचे पाण्याचे रेणू सैल बसलेले असतात. ते न वितळताच वाफ होऊन उडतात आणि आतल्या खोबणींमध्ये जाऊन बसतात. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, चांदणीचा गोल दाणा होतो. फाटे अडकून राहत होते तोवर कणांमध्ये मोकळी जागा होती. गोल दाणे एकमेकांवरून सरकतात आणि भांडं आपटल्यावर आतला जिन्नस खाली बसावा तसे बसतात. वरून नवीन थरांचं वजन पडतच असतं.

उन्हाळा आला की खालच्या भागातलं हिम वितळून जातं, पण पुरेशा उंचीवर त्यातलं थोडं शिल्लक राहतं. एक उन्हाळा पाहिलेल्या अशा हिमाला 'फिर्न' म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ 'गेल्या वर्षीचं'. मला त्याला 'मुरलेलं हिम' म्हणावंसं वाटतं, कारण पुढे जे होतं ते मुरणंच आहे. दाणे एकमेकांना चिकटतात, मोठे दाणे छोट्यांना गिळून आणखी वाढतात, मधल्या फटी अरुंद होत जातात. तरीही या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांतून हवा पृष्ठभागापर्यंत ये-जा करू शकते. घनता घनमीटरला सुमारे ८३० किलोपर्यंत पोचली की ही वाट बंद होते. उरलेली हवा सुट्या बुडबुड्यांत कोंडली जाते. फिर्न संपून बर्फ सुरू होतो तो इथे.

याला किती काळ लागतो ते जागेवर ठरतं. जिथे उन्हाळ्यात थोडं पाणी होऊन झिरपतं आणि खाली जाऊन पुन्हा गोठतं, तिथे काही वर्षांत किंवा काही दशकांत काम होतं. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर थंडी प्रचंड आणि हिम अगदी तुरळक, म्हणून तिथे हीच वाटचाल हजारो वर्षं चालते आणि साधारण शंभर मीटर खोलीवर पूर्ण होते.

त्या बुडबुड्यांबद्दल जरा थांबून सांगितलंच पाहिजे. त्यांत कोंडलेली हवा ही जुन्या हवेची खूण नव्हे, ती प्रत्यक्ष तीच हवा असते. अंटार्क्टिकात डोम सी या ठिकाणी युरोपीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटरहून अधिक खोल भोक पाडून बर्फाचे दंडगोल वर काढले. त्यांतल्या हवेवरून गेल्या ८ लाख वर्षांत वातावरणात कार्बन डायऑक्साइड किती होता हे थेट मोजता आलं. यात एक बारीक गंमत आहे. बुडबुडा बंद होतो तो हिम पडल्यानंतर बऱ्याच काळाने, म्हणून कोणत्याही थरातली हवा तिच्याभोवतीच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. हा फरक हिशेबात धरूनच तारखा लावाव्या लागतात.

खोलवरचा बर्फ निळा दिसतो त्याचं कारणही हवेशी जोडलेलं आहे. हिमात असंख्य कण आणि हवेच्या फटी असतात, प्रकाश त्यांच्यावर आपटून लगेच परत येतो, म्हणून हिम पांढरं. दाबाखाली बुडबुडे आक्रसले की प्रकाश बर्फात लांबवर शिरतो. वाटेत लाल रंग शोषला जातो आणि निळा परत येतो.

इथवर बर्फ तयार झाला, पण तो हलतो हे कशावरून? डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून शिकल्यासवरलेल्यांना हे बराच काळ पटत नव्हतं. १८२७ साली फ्रांत्स योझेफ हूगी या स्विस अभ्यासकाने आल्प्समधल्या उंटरआर हिमनदीवर दगडांची एक झोपडी उभारली. १८४१ पर्यंत ती झोपडी मूळ जागेपासून सुमारे १४०० मीटर खाली गेली होती. झोपडी कुणी हलवली नव्हती, तिच्या खालची जमीनच चालत होती. लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाने पुढे त्याच हिमनदीवर काठापासून काठापर्यंत खुंट्यांची सरळ रांग लावली. काही काळाने रांगेला मध्यभागी खालच्या बाजूला बाक आला होता. नदीत पाणी जसं मधोमध वेगाने आणि काठांशी रेंगाळत वाहतं, तसाच बर्फही वाहत होता.

वरून दिसलं ते असं. आत काय चाललंय हे कळायला विसावं शतक उजाडलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स पेरुत्झ हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आल्प्समधल्या युंगफ्राऊ शिखराजवळच्या बर्फात शंभराहून अधिक मीटर खोल एक पोलादी नळी उभी गाडली. पुढच्या वर्षांत नळीचा कल पुन्हा मोजला तर ती वाकलेली होती: वरचं टोक पुढे, खालचं मागे. म्हणजे वरचा बर्फ सगळ्यांत जलद आणि तळाकडचा संथ. (हाच पेरुत्झ पुढे हिमोग्लोबिनची रचना उलगडण्याबद्दल १९६२ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला.)

बर्फासारखी ठिसूळ वस्तू वाहते कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. हातातला बर्फ वाकवू गेलात तर तुटतो. पण तुटणं हे घाईचं काम आहे. लोहाराच्या भट्टीतलं लालभडक लोखंड आठवा. ते वितळलेलं नसतं, पण वितळण्याच्या बिंदूकडे सरकलेलं असतं, म्हणून घावागणिक आकार घेतं. हिमनदीतला उणे ५ अंशांचा बर्फ आपल्याला गारठलेला वाटतो, पण त्याच्या दृष्टीने तो तापलेला आहे, कारण वितळायला त्याला फक्त पाच अंश कमी आहेत. अशा बर्फावर सतत दाब असला तर त्याच्या स्फटिकांमधले रेणूंचे थर पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवरून घसरतात. एका स्फटिकात हे घसरणं नगण्य असतं, पण शेकडो मीटर जाडीत कोट्यवधी स्फटिकांचं मिळून होतं ते नदीचं वाहणं.

१९५० च्या दशकात जॉन ग्लेन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बर्फाचे तुकडे दाबून पाहिले आणि एक नियम मांडला. ताण दुप्पट केला तर बर्फाचं आकार बदलणं दुप्पट नव्हे, साधारण आठपट वेगाने होतं. म्हणून हिमनदीच्या बाबतीत जाडी हा कळीचा मुद्दा ठरतो. साधारण ३० ते ५० मीटर जाडीपर्यंत बर्फ जवळपास जागच्या जागी बसून राहतो. जाडी त्यापलीकडे गेली की तो चालू लागतो, आणि आणखी वाढली की वेग भराभर चढतो.

वाहण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे तळाशी घसरणं. जाड बर्फाच्या दाबाने वितळणबिंदू किंचित खाली येतो; दोन किलोमीटर बर्फाखाली तो शून्याच्या खाली एक-दीड अंशावर असतो. खालून जमिनीची ऊब मिळते, घर्षणाची उष्णता मिळते, आणि तळाशी पाण्याचा पातळ थर तयार होतो. वाटेत खडकाचा उंचवटा आला तर बर्फ त्याच्या वरच्या अंगाला दाबाने वितळतो, पाणी वळसा घालून पलीकडे जातं आणि तिथे दाब कमी असल्याने पुन्हा गोठतं. घन राहूनही बर्फ असा अडथळ्यांमधून वाट काढतो. उन्हाळ्यात वरचं पाणी भेगांतून तळापर्यंत उतरतं तेव्हा पुष्कळ हिमनद्यांचा वेग वाढतो, तो या वंगणामुळेच. काही ठिकाणी बर्फाखालचा ओला गाळच पसरत जातो आणि वरच्या बर्फाला सोबत नेतो. याउलट अतिथंड प्रदेशातल्या कित्येक हिमनद्या तळाच्या खडकाला गोठून चिकटलेल्या असतात. त्यांच्यात घसरणं जवळपास नसतं, फक्त आतलं विरूपण, म्हणजे दाबाने बर्फाचं आकार बदलणं.

वरच्या काही दहा मीटर थरावर दाब कमी असतो, म्हणून तो थर मात्र वाहत नाही, तडकतो. खालचा बर्फ वळणावरून किंवा उंचवट्यावरून जाताना ताणला गेला की वरच्या थराला भेगा पडतात. हिवाळ्यात त्यांच्यावर हिमाचा पापुद्रा पूल धरतो आणि त्या दिसतच नाहीत. गिर्यारोहक एकमेकांना दोराने बांधून चालतात ते यासाठी.

वेगाचं म्हणाल तर बहुतेक डोंगरी हिमनद्या वर्षाला काही दहा ते काही शे मीटर चालतात. ग्रीनलंडमधली सेर्मेक कुयालेक ही हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ४६ मीटरवर गेली होती. काही हिमनद्या वर्षानुवर्षं सुस्त राहून मध्येच उसळतात. काराकोरममधली कुतिया हिमनदी १९५३ साली तीन महिन्यांत बारा किलोमीटर पुढे सरकली.

आता पिशवीकडे येऊ. प्रत्येक हिमनदीचा एक जमाखर्च असतो. वरच्या, थंड भागात वर्षभरात जितकं हिम पडतं त्यापेक्षा कमी वितळतं. तिथे शिल्लक पडते. खालच्या, उबदार भागात पडतं थोडं आणि वितळतं जास्त. तिथे तूट येते. दोन्हींच्या मध्ये एक रेषा असते, जिथे आवक आणि जावक बरोबरीत असतात. हिमनदी वरची शिल्लक उचलून खालची तूट भरत राहते. तिचं वाहणं म्हणजे हीच भरपाई.

मग रेषेच्या वर जे पडेल त्यावर दरवर्षी नवा थर चढतो, म्हणून ते खोल खोल जातं. रेषेच्या खाली दरवर्षी वरचा थर वितळतो, म्हणून आतलं उघडं पडत जातं. विमान पडलं ते रेषेच्या बरंच वर. त्याचे अवशेष आधी खोल गेले, मग बर्फासोबत खाली चालले आणि रेषा ओलांडल्यावर वरचे थर वितळत गेले तसे पृष्ठभागाशी आले. या डोंगराने हे आधीही दाखवलं होतं. १८२० साली माँ ब्लाँवर हिमस्खलनात तीन वाटाडे एका भेगेत गाडले गेले. हिमनदीचा वेग मोजणाऱ्या जेम्स फोर्ब्ज या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, ते साधारण चाळीस वर्षांनी खाली बाहेर येतील असं आधीच सांगून ठेवलं होतं. १८६१ मध्ये बॉसाँ हिमनदीच्या खालच्या टोकाशी त्यांचे अवशेष सापडले. एखाद्याच्या मृत्यूचा असा हिशेब करावा लागणं अंगावर काटा आणणारं आहे, पण हिशेब चुकला नव्हता.

याच जमाखर्चातून 'हिमनदी मागे हटते' या वाक्याचा खरा अर्थ लागतो. हे वाक्य ऐकून पुष्कळांना वाटतं की बर्फ उलटा डोंगर चढतो. बर्फ कधीच मागे जात नाही. गोमुखाला गंगोत्री हिमनदीचं तोंड दशकानुदशकं सरासरी वर्षाला २० मीटरच्या आसपास मागे सरकत आलं आहे, आणि त्याच काळात तिच्यातला बर्फाचा कण न कण खालीच येत राहिला आहे. तोंड म्हणजे फक्त ती जागा, जिथे येणारा बर्फ आणि वितळणारा बर्फ यांची तोंडमिळवणी होते. वितळणं वाढलं की ही जागा वर सरकते.

यात उशीरही असतो. वर हिम कमी पडू लागलं तरी ती बातमी तोंडापर्यंत पोचायला मोठ्या हिमनदीत कित्येक दशकं लागतात. आज दिसणारी तोंडाची जागा हा काही अंशी जुन्या वर्षांचा निकाल असतो. म्हणून शास्त्रज्ञ तोंडापेक्षा संपूर्ण हिमनदीची वर्षाची शिल्लक-तूट मोजण्यावर भर देतात. बर्फात खांब रोवून, हिमात खड्डे खणून, आणि आता उपग्रहांवरून उंची मोजून.

मध्य आणि पूर्व हिमालयातल्या हिमनद्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. आल्प्समध्ये हिवाळ्यात जमा आणि उन्हाळ्यात खर्च असतो. इथे बरंचसं हिम मोसमी पावसाच्या महिन्यांतच पडतं, म्हणजे जमा आणि खर्च एकाच ऋतूत. तापमान थोडं वाढलं की एकीकडे वितळणं वाढतं आणि दुसरीकडे हिमाऐवजी पाऊस पडू लागतो. दोन्हीकडून मार. त्यात पुष्कळ हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडधोंड्यांचा थर असतो. थर पातळ असेल तर काळपटपणामुळे ऊन शोषून खालचा बर्फ लवकर वितळतो. काही सेंटीमीटरहून जाड असेल तर तोच थर पांघरुणासारखा बर्फाला जपतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन हिमनद्याही सारख्या वागत नाहीत.

हे दगड येतात कुठून? काही कड्यांवरून पडतात, काही हिमनदी स्वतः तळातून उपटून काढते. तळाशी अडकलेले दगड मग कानशीसारखे खालचा खडक घासतात. नदी इंग्रजी व्ही अक्षरासारखी दरी कापते, हिमनदी तिला यू अक्षराइतकी रुंद करते. घासलेल्या खडकाचं पीठ पाण्यात मिसळून पाणी दुधट होतं, आणि तळ्यात तरंगत राहिलं की तळं निळंहिरवं दिसतं. सोबत आणलेला दगडमातीचा ढिगारा हिमनदी कडेला आणि तोंडाशी टाकते, त्याला हिमोढ म्हणतात. बर्फ निघून गेल्यावरही तिचं टोक कुठवर होतं हे हिमोढावरून सांगता येतं.

आवाक्याचं बोलायचं तर जगात ध्रुवीय हिमचादरी वगळून दोन लाखांहून अधिक हिमनद्या आहेत. बर्फाचा मुख्य साठा मात्र त्या हिमचादरींतच आहे. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडचा वितळला तर सुमारे ७ मीटर. डोंगरी हिमनद्यांच्या वाट्याला यातलं अर्ध्या मीटरहूनही कमी येतं, पण त्या लहान असल्याने लवकर आटतात आणि त्यांच्या पाण्यावर जगणारी वस्ती त्यांच्या पायथ्याशीच असते.

आइसलंडमध्ये ओक नावाचा एक जुना ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावरच्या हिमनदीला ओकयोकुल म्हणत. 'योकुल' म्हणजे हिमनदी. २०१४ साली ओड्डुर सिगुर्डसन या हिमशास्त्रज्ञाने ती आता हिमनदी राहिलेली नाही असं जाहीर केलं. माथ्यावर बर्फ तेव्हाही होता. पण तो इतका पातळ झाला होता की स्वतःच्या वजनाने त्याला हलता येत नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि तिथल्या खडकावर तिच्या आठवणीचा एक फलक बसवून आले. नावातला योकुल गेला आहे. आता उरलं आहे ते नुसतं ओक.